सहावारीच्या पलीकडे

लहानपणी मला लांबी कळली ती साडीवरून. निपाणीला अण्णांचं कापडाचं दुकान होतं. शाळा सुटली की मी गादीवर बसून अण्णांची मापं बघायची. लोखंडी मीटर टेकवायचा, कापड ओढायचं, पुन्हा टेकवायचा. अण्णा कधी बोटभरही कमी देत नसत. "दोन बोटांनी आपण श्रीमंत होत नाही, पण गिऱ्हाईक जातं," म्हणायचे. त्यामुळे सहावारी म्हणजे साधारण साडेपाच मीटर आणि नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

मैत्रिणींनो, आज मी ज्या बाईची गोष्ट सांगणार आहे, ती समजायला हेच माप पुरेसं आहे. सहावारी साडी गच्चीवर सरळ पसरा. तिच्या एका टोकाला उभं राहा आणि दुसऱ्या टोकाकडे बघा. आता मनातल्या मनात धावत या आणि एका उडीत ती साडी ओलांडून आणखी सव्वा मीटर पुढे जाऊन पडा. ३० ऑगस्ट २००३ या दिवशी पॅरिसजवळच्या स्टाद द फ्रान्स मैदानावर अंजू बॉबी जॉर्जने एवढी उडी मारली. ६.७० मीटर. जागतिक मैदानी स्पर्धेत तिला कांस्यपदक मिळालं. ही स्पर्धा १९८३ पासून होत होती. वीस वर्षांत भारताच्या एकाही पुरुषाला किंवा बाईला तिथं पदक मिळालं नव्हतं. पहिलं आणलं ते एका बाईने.

त्या दिवशी आम्ही काय करत होतो? दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी होती. बेळगावात चतुर्थीच्या आदल्या रात्री कुणाला कशाची शुद्ध असते? गल्लीत मंडपाची ठोकाठोक चालली होती. आमच्या घरी पंचमीपासून सुरू होणाऱ्या दशलक्षणाची तयारी होती. पॅरिसमध्ये कोण उडी मारतंय याचा मला पत्ताच नव्हता. चार-पाच दिवसांनी रद्दीच्या घड्या घालताना तो फोटो दिसला. एक सावळी, लांब पायांची बाई हवेत होती. खाली वाळू होती आणि पाय पुढे फेकलेले. मी घडी घालायची थांबले. का थांबले, ते पुढे सांगते.

आधी या खेळाचा इतिहास थोडा बघू, कारण उडी जेवढी दिसते तेवढी एका दिवसाची नसते.

ऑलिंपिकमध्ये बायकांना मैदानी खेळात पाऊल टाकू दिलं ते १९२८ साली, आणि तेही मोजक्या पाच प्रकारांत. त्या वर्षी आठशे मीटर धावून काही जणी दमल्या. तेवढं कारण पुरलं आणि बायकांच्या लांब शर्यती बंद झाल्या, त्या थेट १९६० पर्यंत. पुरुष दमले की तो पराक्रम आणि बाई दमली की तिला झेपत नाही, हा न्याय आपल्याला काही नवा नाही. लांब उडीचा नंबर लागायला तर १९४८ साल उजाडलं. लंडनच्या त्या ऑलिंपिकमध्ये हंगेरीची ओल्गा ग्यार्माती ५.६९५ मीटर उडी मारून पहिली आली. आपल्या मापाने सहावारीच्या पुढे वीतभर.

गंमत अशी की त्या वेळी जागतिक विक्रम जिच्या नावावर होता, ती बाई त्याच मैदानावर हजर होती आणि लांब उडीत उतरलीच नाही. तिचं नाव फॅनी ब्लँकर्स-कोएन. ती हॉलंडची, वय तीस, दोन मुलांची आई. १९४३ मध्ये, युद्ध चालू असताना, तिने ६.२५ मीटर उडी मारली होती. पण लंडनला एकीने किती प्रकारांत भाग घ्यायचा याला मर्यादा होती. मग तिने धावणं निवडलं आणि चार सुवर्णपदकं नेली. या वयात मुलांना घरी ठेवून धावायला कशाला आली, असं म्हणणारे होतेच. ती जिंकल्यावर त्याच जगाने तिचं कौतुकाने नाव ठेवलं, उडती गृहिणी. मला हे नाव आवडतं आणि त्याचा थोडा रागही येतो. चार सुवर्णपदकं मिळवली तरी बाईची ओळख शेवटी घरावरूनच!

सहावारीच्या पुढे वीतभर गेलेल्या बायका तीस वर्षांत सात मीटरपर्यंत पोचल्या. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाची विल्मा बार्दाउस्केने हिने सात मीटरची रेघ ओलांडली. १९८८ मध्ये गालिना चिस्त्याकोवाने लेनिनग्राडला ७.५२ मीटर उडी मारली. तो विक्रम आजवर कुणाला मोडता आलेला नाही. नऊवारी अजून पाऊण मीटर पुढेच आहे. पुरुषांचा विक्रम माईक पॉवेलचा, ८.९५ मीटर, टोकियो १९९१. त्याने नऊवारी ओलांडून आणखी पाऊण मीटर गाठलं. हे पॉवेलचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आपल्याकडे सहा मीटरच्या पुढे जाणारी पहिली बाई मर्सी कुट्टन, केरळची. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये तिने रौप्यपदक मिळवलं. अंजूही केरळचीच, कोट्टायम जिल्ह्यात चंगनाशेरीजवळच्या चीरंचिरा गावची. जन्म १९७७ चा. वडिलांचा फर्निचरचा धंदा. म्हणजे आपल्यासारखंच दुकानदाराचं घर. कोरुथोडूच्या शाळेत तिला चांगले शिक्षक मिळाले, पुढे त्रिशूरच्या विमला कॉलेजात ती शिकली. सुरुवातीला ती हेप्टॅथलॉन करायची. त्यात धावणं, उड्या, फेक असे सात प्रकार एकाच बाईने दोन दिवसांत करायचे असतात. (सात कामं दोन दिवसांत म्हटल्यावर आपल्यातल्या कुणाला आश्चर्य वाटणार नाही!) मग ती उड्यांकडे वळली. २००० चं सिडनी ऑलिंपिक घोट्याच्या दुखापतीने हुकलं. तोपर्यंत तिच्या आयुष्यात रॉबर्ट बॉबी जॉर्ज आला होता. तो स्वतः तिहेरी उडीतला राष्ट्रीय विजेता. त्याने आपलं खेळणं सोडलं आणि तिचा प्रशिक्षक झाला. नवऱ्याच्या करिअरसाठी बायकोने आपलं सोडणं एवढं रोजचं आहे की त्याची बातमी होत नाही. इथं उलट झालं म्हणून ते सगळीकडे छापून आलं.

२००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिला कांस्य मिळालं, त्याच वर्षी बुसान एशियाडमध्ये सुवर्ण. पण आशिया वेगळं आणि जग वेगळं. पॅरिसच्या आधी नवरा-बायको अमेरिकेत माईक पॉवेलकडे शिकायला गेले. साडेआठ मीटरच्या पुढे जाणाऱ्या माणसाकडून साडेसहाच्या आसपास घुटमळणारी ही बाई काय शिकली असेल? वाचल्यावर मला एवढंच समजलं की लांब उडी ही उडी कमी आणि धावणं जास्त आहे. चाळीस मीटर धावत यायचं आणि शेवटचं पाऊल वीस सेंटीमीटर रुंदीच्या पांढऱ्या फळीवर पडलं पाहिजे. फळीच्या पुढे तेव्हा प्लॅस्टिसिनची पट्टी असायची. बुटाचं टोक तिला जरा लागलं की लाल झेंडा आणि उडी बाद. फार मागून उडी घेतली तर ते अंतर फुकट जातं, कारण मोजणी फळीच्या पुढच्या कडेपासून होते. म्हणजे जीव तोडून धावायचं, पण पावलाचा हिशेब सुटू द्यायचा नाही.

दुसरा नियम त्याहून कडक आहे. पाय कुठे पोचले ते मोजत नाहीत. वाळूत उमटलेली जी खूण फळीच्या सगळ्यांत जवळ असेल तिथपर्यंत मोजतात. पडताना हात मागे टेकला तर हातापर्यंत. पाय कितीही पुढे गेले असोत, मागे राहिलेलं अंग हिशेबात धरलं जातं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले.

पॅरिसची अंतिम फेरी अशी झाली. सुरुवातीला प्रत्येकीला तीन उड्या होत्या. मग पहिल्या आठ जणींनाच आणखी तीन. अंजूने पहिल्याच उडीत ६.६१ मीटर मारले आणि ती सगळ्यांच्या पुढे गेली. पण पहिली उडी म्हणजे पहिलीच उडी. रशियाची तात्याना कोतोवा ६.७४ वर पोचली. इतर जणीही पुढे सरकल्या आणि अंजू पदकातून बाहेर गेली. आपल्या देशाला याची सवयच होती. १९६० मध्ये मिल्खा सिंग चौथे, १९८४ मध्ये पी. टी. उषा सेकंदाच्या शंभराव्या भागाने चौथी. वाटलं असतं, आता अंजूही त्याच रांगेत. पण पाचव्या उडीत तिने ६.७० मीटर मारले.

शेवटच्या उडीत फ्रान्सच्या युनिस बार्बरने ६.९९ मारून सगळंच उलटंपालटं केलं. घरचं मैदान, लोकांचा एकच गलका. ही बार्बर मूळची सिएरा लिओनची. तिच्या देशात यादवी चालू असताना ती फ्रान्समध्ये राहिली, तिथलीच झाली. आठवडाभर आधी याच मैदानावर हेप्टॅथलॉनमध्ये ती स्वीडनच्या कॅरोलिना क्लुफ्तच्या मागे दुसरी आली होती. त्या दिवशी तिने सुवर्ण घेतलं, कोतोवाला रौप्य मिळालं आणि अंजूला कांस्य. चौथी आली ब्रिटनची जेड जॉन्सन, ६.६३. म्हणजे पहिल्या उडीच्या समाधानात अंजू थांबली असती तर पदक गेलं होतं. दुसरी आणि तिसरी यांच्यात चार सेंटीमीटरचं अंतर. अण्णांच्या भाषेत अडीच बोटं.

आता मी घडी घालायची का थांबले ते सांगते.

१९८२ साली मी नववीत होते. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत लांब उडीत माझा पहिला नंबर आला. ४.२१ मीटर. सहावारीला सव्वा मीटर कमी, पण तालुक्यात तेवढ्यावर निभावलं. मला सरावबिराव काही नव्हता. शाळेमागे एका घराचं बांधकाम चाललं होतं, तिथल्या वाळूच्या ढिगावर आम्ही मुली मधल्या सुट्टीत उड्या मारायचो, एवढंच. जिल्ह्याला जायचं ठरलं. पी.टी.च्या बाई घरी आल्या. "मी सोबत आहे, पाठवा की," म्हणाल्या. अण्णा गप्प बसले. आज्जी आतून म्हणाली, "चड्डी घालून माणसांपुढं उड्या मारायच्या व्हय पोरीच्या जातीनं? आणि परगावी रात्रीची ऱ्हायची कुठं?" अण्णा आज्जीच्या शब्दाबाहेर नव्हते. बाई चहा पिऊन गेल्या. मी रडले असेन, पण मला आठवतो तो चहाचा कप. त्यांनी अर्धा ठेवला होता.

आज्जीवर माझा राग नाही. अकराव्या वर्षी लग्न झालेली बाई ती. तिला जेवढं जग दिसलं तेवढ्यावरून तिने मला सांभाळलं. पुढे मी बी.ए. केलं, इतिहास घेऊन. लग्न झालं, बेळगावला आले. त्या उडीचं सर्टिफिकेट कुठल्याशा ट्रंकेत राहिलं.

खरी गोष्ट याच्या पुढची आहे आणि ती सांगायला मला जड जातं. २००३ च्याच मे महिन्यात माझी लेक बारा वर्षांची होती. सुट्टीत धारवाडला धावण्या-उड्यांचं पंधरा दिवसांचं शिबिर होतं. तिचं नाव निवडलं गेलं होतं. ती कागद घेऊन नाचत आली. आणि मी काय म्हणाले? "पंधरा दिवस परगावी? राहायचं कुठं, जेवणखाण कसं, रात्रीचं काय देतील? नको बाई." नवऱ्याची हरकत नव्हती. सासूबाई तर म्हणाल्या होत्या, "जाऊ दे की गं, चार पोरी आहेत बरोबर." नाही म्हणणारी मी होते. एकवीस वर्षांनी आज्जीचं वाक्य माझ्या तोंडून निघालं, फक्त शहरी भाषेत. लेकीने कागदाची घडी घातली आणि दप्तरात ठेवली. पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

तीन महिन्यांनी रद्दीत अंजूचा फोटो दिसला. माझ्या घरातली खूण वाळूत कुठं उमटली आहे, ते तेव्हा मला लख्ख दिसलं. शिक्षण, वाचन, लिखाण, पाय तर बरेच पुढे गेले होते. मागे टेकलेला हात मात्र १९८२ मध्येच होता.

अंजूचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. २००४ मध्ये अथेन्स ऑलिंपिकमध्ये तिने ६.८३ मीटर उडी मारली. तिच्या आयुष्यातली सर्वांत लांब, तरी ती सहावी आली. दोन दशकं उलटली तरी हा राष्ट्रीय विक्रम तिच्याच नावावर राहिला. त्या स्पर्धेत पाचवी आलेली अमेरिकेची मॅरियन जोन्स नंतर उत्तेजक घेतल्याचं कबूल करून बाद झाली, आणि अंजू कागदावर पाचवी झाली. २००५ मध्ये मोनॅकोच्या वर्ल्ड अॅथलेटिक्स फायनलमध्ये ती कोतोवाच्या मागे दुसरी होती. कित्येक वर्षांनी कोतोवाचा २००५ चा जुना नमुना पुन्हा तपासला, तो दोषी निघाला, तिचे त्या काळातले निकाल रद्द झाले आणि मोनॅकोचं सुवर्ण अंजूच्या नावावर लागलं. पॅरिसचा निकाल मात्र होता तसाच आहे. सुवर्ण मिळालं, पण तोवर मैदान, राष्ट्रगीत, टाळ्या सगळं संपलेलं. उशिरा मिळालेला न्याय हा न्यायच असतो, पण त्या दिवशीची टाळी त्याला परत आणता येत नाही.

आणि डिसेंबर २०२० मध्ये तिने जगाला सांगितलं की तिला एकच मूत्रपिंड आहे. साधी वेदनाशामक गोळीही तिला सोसत नाही, आणि ज्या पायावर उडी घ्यायची तो पायही धड नव्हता. एवढं सगळं सांभाळून ती जगात तिसरी आली होती. इतकी वर्षं हे तिने पोटात ठेवलं. आपल्यातल्या किती जणी दुखणं अंगावर काढतात, कुणाला सांगत नाहीत, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. ती गप्प राहिली याचं कौतुक होतं. मला मात्र ती शेवटी बोलली याचं जास्त वाटतं.

भारताला जागतिक मैदानी स्पर्धेत दुसरं पदक मिळायला २०२२ साल उजाडलं. नीरज चोप्राचं भालाफेकीतलं रौप्य. एकोणीस वर्षं ती एकटीच त्या यादीत होती. पण या काळात ती यादी बघत बसली नाही. बेंगळुरूत तिने आणि बॉबीने मुलींना शिकवायला सुरुवात केली. झाशीची शैली सिंग त्यांतलीच. तिची आई शिवणकाम करून एकटीने मुलं वाढवणारी. पॅरिसनंतर चार महिन्यांनी शैलीचा जन्म झाला. २०२१ मध्ये नैरोबीला वीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत तिने ६.५९ मीटर उडी मारून रौप्य घेतलं. स्वीडनच्या माया ऑस्कागची उडी होती ६.६०. एका सेंटीमीटरचा फरक. त्याच वर्षी जागतिक संघटनेने अंजूला वर्षातली कर्तबगार महिला म्हणून गौरवलं, ते या मुली घडवल्याबद्दल.

मी त्या शिंपीण आईचा विचार करते. पोर चौदा वर्षांची, झाशी कुठं, बेंगळुरू कुठं. राहणार कुठं, रात्रीचं काय जेवेल, हे प्रश्न तिलाही पडलेच असतील. माझ्यापेक्षा जास्तच पडले असतील, कारण तिच्या पाठीशी कुणी नव्हतं. पडूनही तिने हो म्हटलं. भारतीय बायकांच्या लांब उडीचा इतिहास पदकांत लिहिलेला आहे खरा. पण त्याचं पहिलं पान कुणाच्या तरी घरच्या उंबऱ्यावर लिहिलं जातं, हो किंवा नको या एका शब्दाने. माझ्या घरच्या पानावर दोनदा नको लिहिलं गेलं. दुसऱ्यांदा अक्षर माझं होतं.

गेल्या वर्षी श्राविका मंडळात मी ही सगळी हकिकत सांगितली. लेकीचं शिबिर सांगताना माझा आवाज अडखळला. नंतर एक सूनबाई जवळ आली आणि हळूच म्हणाली, "काकू, माझ्या पोरीचं कबड्डीत नाव आलंय. मी परवाच नको म्हटलं." मी काही उपदेश केला नाही. एवढंच म्हणाले, "कागद अजून घरात आहे का बघ."

लेकीला मात्र मी बरीच वर्षं काही बोलले नव्हते. या मे महिन्यात ती नातीला घेऊन आली तेव्हा बोलले. ती म्हणाली, "आई, मी तर विसरले होते." विसरली नव्हती. कागदाचा रंग पिवळा होता हे तिनेच सांगितलं. मग दोघी थोडा वेळ गप्प बसलो आणि भाजी निवडली.

संध्याकाळी गच्चीवर मी माझी जुनी इरकल पसरली. नात सात वर्षांची. "आज्जी, एवढी मोठी उडी?" म्हणाली. मी म्हटलं, "याच्याही पुढे सव्वा मीटर. एक बाई गेलीय." ती मागे सरकली, धावत आली आणि उडी मारून साडीच्या मध्याच्याही बरीच अलीकडे धपकन बसली, हात मागे टेकून. लेक पटकन वाकली आणि अण्णांच्या दुकानातला लोखंडी मीटर, जो मी अजून जपून ठेवला आहे, तो हाताच्या खुणेपाशी टेकवला.

"हात मागे टेकू नको," ती म्हणाली. "पुन्हा मार."